मामंजी चीनचे राजे होते तेव्हा

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चीन कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. नेवाशाच्या पलीकडं नगर, नगरच्या पलीकडं पुणं, पुण्याच्या पलीकडं मुंबई आणि मुंबईच्या पुढं नुसतं पाणी, एवढा त्यांचा भूगोल होता आणि तेवढ्यावर त्यांनी गावची सरपंचकी, त्यांच्या मते, बिनबोभाट चालवली होती. तरीही दुष्काळाच्या वर्षी चैत्रात, भैरोबाच्या जत्रेला, ते गावच्या पारावर चीनचे राजे होऊन बसले. साधेसुधे नव्हेत, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे, शांग घराण्याचे पहिले राजे. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं, आणि माझ्या हातून आयुष्यात जी काही चांगली कामं झाली त्यांत मी ते बरंच वर धरते.

माझं माहेर बेलापूरचं, पाटाच्या पाण्यावरचं. उसाच्या कडेनं शाळेत जायचं आणि येताना ऊस मोडून खायचा, अशी मी वाढले. लग्न होऊन नेवाशाच्या उगवतीला एका कोरडवाहू गावात आले आणि लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला. गावातल्या दोन-चार बायका म्हणायच्या, सुनेचा पायगुण. मी त्यांना सांगायचे, माझ्या पायात एवढी ताकद असती तर मी पावसाला कशाला, तुम्हालाच पळवलं असतं. विहिरी आटल्या होत्या. सगळं गाव पाझर तलावाच्या सरकारी कामावर खडी फोडायला आणि माती वाहायला जात होतं. पाणी टँकरनं यायचं. रेशनला तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची. तिची भाकरी परातीतून तव्यापर्यंत एकसंध पोचली की मी देवाला नमस्कार करायचे.

मी एस.एस.सी. झालेली होते आणि मला नगरला डी.एड. करून मास्तरीण व्हायचं होतं. लग्न ठरताना मामंजी माझ्या वडिलांना म्हणाले होते, "शिकू द्या की. आमी कुठं न्हाई म्हन्तोय?" लग्नानंतर मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "बघू." दुष्काळ पडल्यावर त्या "बघू"ला शेपूट फुटलं आणि त्याचं "पाऊस पडल्यावर बघू" झालं. तसं ते गावात सगळ्यांनाच हेच सांगत. कुणाचं लग्न, कुणाच्या बांधाचं भांडण, देवळाचा रंग, सगळं पाऊस पडल्यावर बघायचं होतं. शाळेचे पत्रे गळतात, अशी एकानं तक्रार केली तर तिथंही तेच उत्तर. आणि तेवढ्या एका ठिकाणी ते बरोबर होतं. पण माझा एक जून असाच गेला होता. दुसराही गेला की पाळणा हलणार, मग दुसरा पाळणा, आणि मग मी मिलोच्या भाकरी जोडत जोडतच म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला त्याची भीती वाटायची. खरोखरीची भीती.

आमचे हे माझ्या बाजूचे होते, पण आतल्या खोलीत. वडिलांसमोर त्यांना साधी शिंक आली तरी ते बाहेर जाऊन शिंकत. "मी आज आबांशी बोलतोच," असं म्हणून छाती काढून ओसरीवर जायचे आणि थोड्या वेळानं परत यायचे.

"बोललात?" मी विचारायचे.

"बोललो की."

"काय बोललात?"

"कडब्याचं."

मला असा संताप यायचा की हातातलं लाटणं मी मुद्दाम दूर ठेवायचे.

घरात सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. मामंजी ओसरीवर, मी चुलीपाशी, आणि मध्ये उंबऱ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी आत्याबाईंना विचारायचे, "तिला इचार, चा झाला का." मी तिथंच असायचे, मला ऐकू यायचं, तरी आत्याबाई मान वळवून मला विचारायच्या, "चा झाला का?" मी म्हणायचे, "झाला." मग त्या पुन्हा मान वळवायच्या, "झाला म्हन्ती." बरं, आत्याबाईंना निरोप जसाच्या तसा देणं पटायचं नाही. "झाला म्हन्ती, पन साखर कमी हाय, कवापास्नं आना म्हन्तीय" असं त्या स्वतःचं काहीबाही त्यात मिसळून द्यायच्या. बऱ्याच घरगुती मागण्या त्या अशा माझ्या नावावर खपवत.

एका संध्याकाळी मामंजी तलावाच्या कामावर देखरेख करून दमून आले होते. लोक त्यांच्यावर चिडलेले होते आणि ते लोकांवर. ओसरीवर टेकत म्हणाले, "तिला इचार, एवढं जाड पुस्तक आनलंय म्हायेराहून, त्यात दुष्काळावर काय लिवलंय का?"

ते पुस्तक मला शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मिळालं होतं, जगाच्या इतिहासाचं. त्यात चीनचा तो राजा मला सर्वांत आवडायचा. मग मी सांगायला बसले, आणि आत्याबाई ते पुढं पोचवायला.

म्हटलं, हा राजा आधी लहानसा मांडलिक होता. एकदा रानात एक शिकारी चारी बाजूंनी जाळी लावून प्रार्थना करत होता की सगळ्या दिशांचे सगळे प्राणी माझ्याच जाळ्यात येऊ देत. राजानं तीन बाजूंची जाळी काढायला लावली आणि म्हणाला, आता अशी प्रार्थना कर की ज्याला डावीकडं जायचंय त्यानं डावीकडं जावं, उजवीकडं जायचंय त्यानं उजवीकडं जावं, आणि ज्याला जीव नकोसा झालाय त्यानं तेवढं माझ्या जाळ्यात यावं. हे ऐकून आजूबाजूची राज्यं आपण होऊन त्याच्याकडं आली.

"इलेक्शनची युक्ती," मामंजी म्हणाले. "हुशार गडी."

मग त्याच्याकडं एक आचारी आला. भांडीकुंडी घेऊन आला, आणि मीठ किती घालावं, आंबट किती, जाळ केव्हा कमी करावा हे सांगता सांगता राज्य कसं चालवावं ते सांगून मोकळा झाला. राजानं त्याला मुख्य प्रधान केलं. इथं आत्याबाईंनी निरोप पुढं द्यायचं थांबवलं.

"काय म्हन्ती ती?" मामंजींनी विचारलं.

"आमटी करनाऱ्याला प्रधान केला म्हन्ती," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडं चीनमधी."

राजाच्या आंघोळीच्या घंगाळावर कोरलेलं होतं की आज स्वतःला नवं कर, रोज नवं कर. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतात, त्यानं उपदेश घातला होता. मामंजींना उपदेशाशी कर्तव्य नव्हतं. "रोज आंगूळ? पानी कुठनं येत हुतं त्याला?" एवढंच त्यांनी विचारलं. मग मी त्या काळचा मोठा सम्राट सांगितला, महादुष्ट, ज्यानं दारूचं तळं बांधून त्यात नाव चालवली. त्यानं आमच्या राजाला कैदेत टाकलं, पुढं सोडलं, आणि शेवटी राजानं लढाई करून त्याला हाकलून दिलं. तळ्याचं ऐकून मामंजी सावरून बसले आणि "त्याला पाझर हुता का?" म्हणाले. त्या वर्षी आमच्याकडं तळं म्हटलं की दुसरं काही सुचतच नसे.

"आनि दुष्काळ?" आत्याबाईंनी स्वतःच विचारलं.

दुष्काळ शेवटी आला. राज्य मिळालं आणि पाऊस गेला. वर्षामागून वर्ष कोरडं. ज्योतिषी म्हणाले, माणसाचा बळी द्यावा लागेल. राजा म्हणाला, मी पाऊस मागतोय तो माणसांसाठीच. बळी पाहिजेच असेल तर माझा घ्या. त्यानं केस कापले, नखं कापली, तुतीच्या बनात लाकडं रचून त्यावर जाऊन बसला आणि आकाशाला विचारायला लागला की माझं काय चुकलं ते सांग. माझा कारभार वाकडा आहे का, मी लोकांना फार राबवतोय का, असं एकेक. आणि लाकडं पेटवायच्या आत पाऊस कोसळला.

मामंजी आत्याबाईंना म्हणाले, "इचार तिला, खरंच आला?"

"आला म्हन्ती," आत्याबाई म्हणाल्या. "लई आला म्हन्ती."

मामंजींनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. माझ्या शिक्षणाच्या आड येणारा हा माणूस मला त्या घटकेला मनापासून आवडला. त्याला पाऊस हवा होता हो. खोटं नव्हतं त्यात काही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर जाहीर केलं: औंदा जत्रेला तमाशाचा फड नाही, परवडत नाही, पण भैरोबापुढं नाटक होईल, चिनी राजाचं, आणि राजा मी. मग म्हणे पाऊस येतो का नाही बघाच. तेव्हा गावातला निवृत्त फौजी उठला. बासष्टच्या लढाईत तो बर्फात पाय गारठवून आला होता आणि गावात 'चीन' हा शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. तो म्हणाला, "चिन्याची आरती करायची आपन? भैरोबाच्या दारात?"

मामंजींनी त्याला समजावलं की हा चिनी फार जुना आहे, तेव्हा आपली त्याची ओळखही नव्हती. फौजी ऐकेना. तेव्हा त्यांनी त्याला नाटकातला दुष्ट सम्राट करून टाकला. तलवार मिळणार म्हटल्यावर फौजी खूश झाला. पण तालमीत लढाईचा प्रसंग आला आणि तो पळेचना. सम्राटानं हरून पळायचं होतं. फौजी पाय रोवून उभा राहिला आणि म्हणाला, "मी चिन्यापुढं माघार घेनार न्हाई." अरे बाबा, तूही चिनीच आहेस, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यावर तो एवढा भडकला की त्या दिवशीची तालीम तिथंच संपली. शेवटी असं ठरलं की त्यानं पळायचं नाही, मामंजींनी त्याला पाठीला हात लावून सन्मानानं पडद्यापर्यंत पोचवून यायचं.

केसांचाही घोटाळा होता. राजानं केस कापून वाहायचे होते आणि मामंजींचं डोकं पटक्याखाली तुळतुळीत होतं. मिशा होत्या, पण मिशांना हात लावायचं नाव काढल्यावर मामंजी म्हणाले की मग राजा दुसरा बघा. तेव्हा अंबाडीच्या वाखाला काजळी चोळून त्याची वेणी केली आणि ती डिंकानं डोक्याला चिकटवायची ठरली. तोंडाला हळद. आत्याबाई म्हणाल्या, "लगनात बी एवढी लावली नव्हती ह्यास्नी."

राहिला पाऊस. पाराशेजारी मोठा कडुलिंब होता, त्याची एक फांदी बरोबर पारावर आलेली. तिच्यावर पाण्याचा भरलेला हंडा घेऊन एकानं बसायचं आणि वेळ आली की पिठाच्या चाळणीतून पाणी ओतायचं. बायकांनी यावर कडाक्याचं भांडण केलं. दुष्काळात भरला हंडा एका टकलावर ओतायचा? मग गुऱ्हाळाची मोठी काहील आणून तिच्यावर लाकडं रचायची, पडलेलं पाणी काहिलीत धरायचं आणि गुरांना पाजायचं, असा तोडगा निघाला. झाडावर बसायला आमचे हे आपण होऊन पुढं आले. एक शब्दही बोलायचा नाही, असं ते एकच काम होतं. ह्यांनी आकाश व्हायचं आणि मी पडद्याआडून सगळ्यांना बोलणं सांगायचं, कारण नाटक मी लिहिलेलं आणि माझं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नव्हतं. मध्ये गोणपाटाचा पडदा होता, त्यामुळं रीत मोडत नव्हती. पाऊस पाडायची खूण म्हणून सुतळीचं एक टोक ह्यांच्या पायाच्या अंगठ्याला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

जत्रेच्या दिवशी उन्हं उतरायला लागल्यावरच नाटक सुरू केलं, कारण बत्त्यांना रॉकेल नव्हतं. पारापुढं नारळ फुटला. नारळ फुटलेलं नाटक मध्येच सोडलं तर भैरोबा कोपतो, अशी आमच्याकडं समजूत. पुरुष समोर, बायका देवळाच्या ओट्यावर, आत्याबाई त्यांच्या पुढं.

मामंजींना एक ओळ पाठ नव्हती. मी पडद्याआडून वाक्य सांगायचे, ते क्षणभर थांबून, कानोसा घेऊन, तेच वाक्य गर्जून म्हणायचे. त्यामुळं प्रत्येक वाक्य लोकांना दोनदा ऐकू येत होतं, पण कुणाची तक्रार नव्हती. उलट पहिल्या वेळी हुकलेलं दुसऱ्या वेळी सापडत होतं. जाळ्याचा प्रसंग चांगला झाला. आचाऱ्याला प्रधान केल्यावर ओट्यावरून बायकांनी टाळ्या पिटल्या. लढाईत फौजी ठरल्याप्रमाणं सन्मानानं पडद्याआड आला, आणि मग घरी न जाता माझ्याजवळच तलवार टेकून उभा राहिला.

मग दुष्काळ आला. मामंजींनी वाखाची वेणी कापली, नखं कापल्यासारखं केलं आणि काहिलीवर रचलेल्या बाभळीच्या लाकडांवर आडवे झाले. पोटावर हात बांधले.

मी सांगितलं. मामंजींनी वर बघून आरोळी दिली, "हे आकाशा! माझा कारभार वाकडा चाललाय का?"

आणि पुढच्या वाक्यासाठी ते थांबले. इथं गोची झाली. त्याच पारावर, त्याच जागी बसून मामंजी ग्रामसभा घ्यायचे. "कुनाची काय तक्रार हाय का?" असं विचारायचे आणि कुणी तोंड उघडायच्या आत "न्हाई? बरं" म्हणून उठायचे. आज पहिल्यांदाच प्रश्न विचारून ते थांबले होते. वाट बघत होते. ते माझी वाट बघतायत हे गावाला कळत होतं, पण प्रश्न विचारून थांबलेला सरपंच रोज कुठं मिळतो?

"थोडा हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

हशा झाला. मी घाईघाईनं पुढचं सांगितलं. मामंजी म्हणाले, "मी माझ्या प्रजेला राबवून राबवून बेजार केलंय का?"

"खडीवर या की एकदा!" एक जण ओरडला. लगेच ओट्यावरून एक बाई, "पोरांसाठी सावलीचा मांडव घालतो म्हन्लावता, कुठं हाय त्यो?"

"घालतो की!" लाकडांवरून मामंजी म्हणाले. हे माझ्या नाटकात नव्हतं.

"माझा महाल फार उंच झालाय का?"

"माडी बांधली न्हवं?"

"ती पत्र्याची हाय!" आत्याबाई तावातावानं ओट्यावरून म्हणाल्या.

"माझ्या दरबारात वशिला चालतो का?"

"टँकर पैला कुनाच्या दारात थांबतो, ते सांगा!"

मामंजी कोपरावर उठले. हळद घामानं ओघळत होती. "आरं, माझं दार वाटंवरच हाय!"

"दार वाटंवर न्हाई, वाट दारावरनं काढलीया!"

आता सगळं गाव पुढं सरकलं होतं. उठून जावं तर नारळ फुटलेला. मामंजी परत आडवे झाले आणि पडद्याकडं डोळे वटारून बघायला लागले, लवकर संपव म्हणून. दरबारात चहाडखोर फार झालेत का, हे मी विचारायला लावलं तेव्हा मात्र कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याकडं बघितलं.

आता एकच प्रश्न उरला होता. तो खरोखर त्या राजानं विचारलेला आहे, पुस्तकात आहे, माझ्या पदरचा नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं मामंजींना आयुष्यभर शंका राहिली. मी सांगितलं. मामंजी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे आकाशा! माझ्या घरात बायकांचं फार चालतं का?"

"चालत न्हाई!" आत्याबाई उभ्या राहिल्या.

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आत्याबाई हसत नव्हत्या. त्या दिवसापर्यंत पुरुषांच्या बैठकीपुढं त्या कधी बोललेल्या नव्हत्या, पण निरोप पोचवायची जन्माची सवय होती, आणि निरोपात स्वतःचं घालायचीही. त्या म्हणाल्या, "चाललं असतं तर सूनबाई कवाच नगरला शिकाया गेली असती. तिच्या बापाला शबुद दिलाय तुमी."

"पाऊस पडल्यावर बघू!" मामंजी लाकडांवरून म्हणाले. त्यांच्या तोंडून ते सवयीनंच गेलं. पण ते वाक्य ऐकलेलं नाही असा माणूसच त्या गर्दीत नव्हता. सगळं गाव असं हसलं की देवळावरची कबुतरं उडाली. मामंजी चवताळले. वर बघून ओरडले, "ओत रे! ओत लवकर!"

मी सुतळी ओढली. वरून काही आलं नाही. पुन्हा ओढली. ह्यांचा अंगठा हलला, हंडा नाही.

"आरं ओत की!"

"न्हाई," लिंबावरून आवाज आला.

मला वाटलं, दुसरंच कुणी वर चढलंय. मी पडद्याच्या भोकातून बघितलं. हेच होते. फांदीला पाय आवळलेले, हंडा छातीशी धरलेला, दंड लटलट कापतायत, तोंड पांढरंफटक.

"काय म्हनला?" मामंजींनी विचारलं.

"पाऊस पडल्यावर न्हाई, आबा," हे म्हणाले. "आदी सांगा. मंग पाऊस."

हसणं थांबलं. कडब्याशिवाय बापाशी कधी काही न बोललेला हा माणूस सगळ्या गावादेखत झाडावरून बोलत होता, आणि माझ्यासाठी बोलत होता. मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी नंतर त्यांना कधी नीट सांगू शकले नाही, म्हणून इथं सांगते. हातातली सुतळी मी गालाला लावली आणि तिथंच, फौजीच्या देखत, रडायला लागले.

फौजी माझ्या डोक्यावरून पडद्याबाहेर तोंड काढून ओरडला, "माघार घिऊ नगं रं! धरून ठेव!"

हंडा कलला. त्यातून चार थेंब मामंजींच्या कपाळावर पडले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता संपलं, आता हा माणूस उठतो, काठी घेतो आणि झाडाखाली जाऊन उभा राहतो. ते उठले नाहीत. लाकडं पाठीला रुतत असतील, गाव बघत होतं, वर पोरगा कापत होता.

"जाईल," मामंजी म्हणाले.

"मोठ्यांदा," ह्यांनी वरून सांगितलं. आवाज फुटत होता त्यांचा.

"जाईल! जुनात नगरला जाईल, भैरोबाची आन! आता ओत, मुडद्या!"

चाळण बिळण कुठं गेली देव जाणे. अख्खा हंडा एकदम खाली आला. मामंजींची हळद, काजळी, उरलासुरला वाख, सगळं वाहून काहिलीत गेलं. लोक उठून उभे राहिले. कुणी भैरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं. आत्याबाई पदरानं तोंड झाकून ओट्यावर बसून राहिल्या होत्या. पाराच्या कडेला सगळे नट माझ्याकडं, म्हणजे पडद्याकडं, बघत उभे होते, कारण पुढचं वाक्य राजाचं होतं आणि ते मी सांगायचं होतं. प्रजाजनहो, आकाशानं आपलं ऐकलं. एवढं साधं वाक्य. माझ्या हातात पान होतं, पण रडू थांबत नव्हतं आणि अक्षर दिसत नव्हतं.

मग चिंब भिजलेल्या मामंजींनी लाकडांवर पडल्यापडल्याच पडद्याकडं मान वळवली.

"पोरी, पुढं काय हाय?" ते म्हणाले. "सांग की. तू सांगितल्याबिगर मला काय यीना."